रहीम साहेब : दहा गोलांच्या पराभवानंतरही उभा राहिलेला प्रशिक्षक

भारतीय फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक मिळाला की चर्चेला ऊत येतो. हा गृहस्थ संघाला तारणार की बुडवणार, स्वतः फार मोठा खेळाडू नसताना नामवंतांना तो काय शिकवणार, आपल्याच प्रांतातील खेळाडूंना झुकते माप देणार का, पहिल्या मोठ्या पराभवानंतर त्याची गच्छंती होणार का... प्रश्न ठरलेले असतात आणि उत्तरे द्यायला प्रत्येक जण तयार असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांच्याकडे राष्ट्रीय संघाची सूत्रे आली तेव्हा मुंबई-कोल्हापूरपासून जळगाव-धुळ्यापर्यंतच्या फुटबॉलप्रेमींमध्ये नेमकी हीच चर्चा रंगली. २०१२ पर्यंत हे पद सांभाळणारे गोव्याचे साव्हियो मेदेरा यांच्यानंतर प्रथमच एका भारतीयावर ही जबाबदारी आली होती. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत भारताने तिसरे स्थान मिळवले आणि टाळ्या पडल्या. ऑक्टोबरमध्ये मडगावच्या मैदानावर सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला, २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली आणि त्याच टाळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हे आली.

हे चक्र नवे नाही. सुवर्णपदक, त्यापाठोपाठ मानहानी, पुन्हा शिखर, असा याहूनही खडतर प्रवास सुमारे ७५ वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका शाळामास्तरांनी केला होता. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. भारतीय फुटबॉलचे जग त्यांना रहीम साहेब म्हणूनच ओळखते.

अजिंठ्याच्या घाटापलीकडचे राज्य

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी निजामाचे राज्य खान्देशाच्या सीमेला भिडलेले होते. पूर्व खान्देश जिल्हा मुंबई इलाख्यात, तर अजिंठ्याचा घाट चढून वर गेले की निजामाची हद्द सुरू, अशी स्थिती होती. मराठवाड्याचे मराठी मुलूखही त्याच राज्यात मोडत. मनमाडहून आताच्या छत्रपती संभाजीनगरमार्गे काचीगुड्याकडे जाणारा रेल्वेमार्ग खान्देशातील प्रवाशांना परिचयाचा आहे. त्याच काचीगुड्याच्या माध्यमिक शाळेत रहीम यांनी शिक्षक म्हणून काम केले.

उस्मानिया विद्यापीठातून ते पदवीधर झाले. विद्यार्थिदशेतच ते विद्यापीठाच्या संघाकडून खेळू लागले. पुढे माजी विद्यार्थ्यांच्या संघातून आणि हैदराबादच्या स्थानिक लीगमधील कमर क्लबकडून ते खेळले. चांगले खेळाडू म्हणून शहरात त्यांचा लौकिक होता. पण देशभर नाव गाजावे अशी त्यांची कारकीर्द नव्हती. काचीगुड्यानंतर उर्दू शरीफ, दारुल उलूम व चादरघाट या शाळांमध्ये त्यांनी अध्यापन केले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यानंतर त्यांच्याकडे शाळेच्या क्रीडा विभागाची जबाबदारी आली आणि मास्तरांची खरी वाट तेथून सुरू झाली.

शिक्षक समाजाला काय देऊ शकतो, हे खान्देशाला वेगळे सांगण्याची गरज नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी शिकवले, त्याच्या आठवणी या भागाने जपल्या आहेत. रहीम यांचे क्षेत्र निराळे. पण मूल कोठे अडते हे ओळखून तेथेच त्याला हात देण्याची शिक्षकी वृत्ती त्यांच्याही अंगी पुरेपूर होती. फुटबॉल प्रशिक्षक म्हणून त्यांचे जे वेगळेपण नंतर दिसले, त्याचे मूळ शाळेच्या पटांगणात होते.

स्पर्धाच झाली शिकवणी

१९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात रहीम हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. संघटनेचे सचिवपद म्हणजे बैठका आणि पत्रव्यवहार, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली. मुलांसाठी त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, की नियमच शिकवणीचे काम करू लागले.

एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत एकट्याने पुढे नेण्यास बंदी असे. चेंडू आला की तो लगेच सहकाऱ्याकडे द्यायचा. त्यामुळे चेंडू मिळण्यापूर्वीच मान वर करून आपला सहकारी कोठे आहे हे पाहण्याची सवय मुलांना लागे. दुसऱ्या स्पर्धेत केवळ कमकुवत पायानेच चेंडू मारायचा असे. उजव्या पायाचा पोरगा डाव्या पायावर आला की सुरुवातीला फजिती होई; पण काही आठवड्यांत त्याला दोन्ही पायांनी खेळता येऊ लागे. कमी उंचीच्या मुलांसाठीही स्वतंत्र स्पर्धा होत, म्हणजे धिप्पाड मुलांच्या गर्दीत लहान चणीचा गुणी खेळाडू हरवू नये.

हे सारे करण्यामागे विचार होता. त्या काळी भारतातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. पायाची करामत दाखवून दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांना चकवणारा खेळाडू प्रेक्षकांचा लाडका असे. रहीम यांना ही करामत पुरेशी वाटत नव्हती. माणसापेक्षा चेंडू वेगाने धावतो, म्हणून धावण्याचे काम चेंडूला द्यावे, हे त्यांचे सूत्र होते. एका स्पर्शात चेंडू देणे, दिल्यानंतर मोकळ्या जागेत जाणे आणि शेवटच्या मिनिटापर्यंत पुरेल एवढा दम कमावणे या तीन गोष्टींवर त्यांचा सारा भर होता.

मुले हेरण्यासाठी ते गल्लीबोळातील मैदाने पालथी घालत. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुळसीदास बलराम हा गरीब घरातील मुलगा त्यांच्या नजरेस पडला. सरावाला येण्यासाठी रोजचे भाडे त्याला परवडणारे नव्हते. रहीम यांनी त्याच्या भाड्याच्या सायकलीचे पैसे स्वतः दिले. हाच बलराम पुढे भारताच्या सर्वकालीन थोर आघाडीपटूंमध्ये गणला गेला.

कूपरेज गाजवणारे पोलिस

१९५० मध्ये रहीम यांच्याकडे हैदराबाद सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षकपद आले. कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल व मोहमेडन स्पोर्टिंग हे तीन बलाढ्य क्लब देशाच्या फुटबॉलवर अधिराज्य गाजवत असताना दक्षिणेतील पोलिस शिपायांचा संघ त्यांना आव्हान देईल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्याच वर्षी ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत या संघाने मोहन बागानला नमवले.

मुंबईकरांनी या संघाचे खरे वैभव पाहिले ते रोव्हर्स चषकात. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा देशातील सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धांपैकी एक होती. कूपरेजच्या मैदानावर हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. नूर महंमद, अझिझुद्दीन यांच्यासारखे खेळाडू या संघातून घडले व भारताकडून ऑलिंपिक खेळले. पुढे हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे संतोष करंडकही पटकावला.

या यशाने रहीम यांचे नाव झाले, तसेच त्यांच्यापुढे एक कायमची अडचणही उभी राहिली. भारतीय फुटबॉलचे केंद्र कोलकात्यात होते. राष्ट्रीय संघाची निवड आली, की बंगालचे किती आणि हैदराबादचे किती, याचा हिशेब मांडला जाई. स्वतः हैदराबादच्या संघटनेचा सचिव असलेला माणूस राष्ट्रीय प्रशिक्षक असताना या हिशेबाला धार येणे स्वाभाविक होते. मात्र, ज्या संघांनी रहीम यांना कीर्ती दिली, त्यांत बंगालचे, पंजाबचे, मुंबईचे आणि गोव्याचे खेळाडू खांद्याला खांदा लावून खेळले, हे निर्विवाद आहे.

सुवर्ण आणि मानहानी

मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली शैलेन मन्ना यांच्या संघाने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरवले. अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलने इराणवर मात केली आणि भारत आशियाचा विजेता ठरला. स्वातंत्र्य मिळून चार वर्षेही पुरती झाली नव्हती. या सुवर्णपदकाचे मोल त्यामुळे खेळापलीकडचे होते.

पुढील वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये चित्र पालटले. १५ जुलै १९५२ रोजी युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धूळ चारली. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी केला. फिनलंडच्या थंडीत भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अनवाणी भारतीयांनी फ्रान्सला १-२ असे झुंजवले, तेव्हा त्याचे साऱ्या जगाला कौतुक वाटले होते. चार वर्षांनी तेच कौतुक अंगाशी आले. निसरड्या मैदानावर आणि बूट घातलेल्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांपुढे उघडे पाय टिकणारे नव्हते.

दहा गोल खाणाऱ्या संघाचा प्रशिक्षक एरवी इतिहासजमा झाला असता. रहीम यांना मात्र पुन्हा संधी मिळाली आणि त्यांनी ती वाया घालवली नाही. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट सक्तीचे केले. रहीम यांच्या दृष्टीने बूट हा सुधारणेचा प्रारंभ होता. युरोपात खेळ कोणत्या दिशेने चालला आहे, याचा त्यांनी अभ्यास सुरू केला. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवून फुटबॉलचे जुने गणित मोडीत काढले होते. हंगेरीचा मधला आघाडीपटू गोलसमोर उभा न राहता मागे येऊन खेळे. त्याला रोखण्यासाठी बचावपटू पुढे आला, की मागे खिंडार पडे आणि दुसरे आघाडीपटू त्यात घुसत. ही तऱ्हा रहीम यांनी भारतीय संघात रुजवली. छोट्या चणीच्या, चपळ खेळाडूंना ती साजेशी होती.

मेलबर्नचा चमत्कार

त्याचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मिळाले. समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाला हंगेरीने माघार घेतल्याने पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे पराभूत केले. यातील तीन गोल मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या, गोव्याच्या वंशाच्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले, तर ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत पोचलेला भारत हा पहिला आशियाई देश ठरला.

उपान्त्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता. डिसूझा यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. पण अखेर भारत १-४ असा हरला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असा विजय मिळवला. भारत चौथा आला. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या संघाविरुद्ध भारताने ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात आघाडी घेतली होती, एवढ्या एका गोष्टीतून रहीम यांच्या कामाचे मोजमाप होते. डिसूझा यांनी स्पर्धेत चार गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत संयुक्तपणे अव्वल स्थान मिळवले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत गटातूनच बाहेर पडला. कागदावर हे अपयशच दिसते. प्रत्यक्षात पी. के. बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखालील भारताने बलाढ्य हंगेरीला १-२ असे झुंजवले, फ्रान्सविरुद्ध आघाडी घेतली आणि शेवटच्या टप्प्यातील गोलमुळे १-१ अशा बरोबरीवर समाधान मानले. पेरूकडून मात्र १-३ अशी हार झाली. त्यानंतर आजतागायत भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही.

जकार्तातील अखेरची लढाई

१९५१ चे आशियाई सुवर्ण १९५४ आणि १९५८ मध्ये हुकले होते. १९६२ च्या जकार्ता स्पर्धेसाठी रहीम यांनी संघ बांधला, तेव्हा कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरण्यास सुरुवात केली होती. चुनी गोस्वामी कर्णधार होते. गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम असे आघाडीचे त्रिकूट भारताला पूर्वी लाभले नव्हते आणि नंतरही लाभले नाही.

सुरुवात मात्र निराशाजनक झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. थायलंडला ४-१ असे नमवताना बचावाचा आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्याला इजा झाली, टाके घालावे लागले. जपानवर २-० असा विजय मिळवून भारत उपान्त्य फेरीत पोचला, तेव्हा जर्नेल यांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. जखमी बचावपटूला बाहेर बसवणे हा सरळ मार्ग होता. रहीम यांनी त्यांना चक्क मधल्या आघाडीपटूच्या जागी उभे केले. फसले असते तर हसे झाले असते. जर्नेल यांनी उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि भारताने ३-२ असा विजय मिळवला.

अंतिम सामन्यापूर्वी जकार्तातील वातावरण पेटले होते. इस्राईल आणि तैवान यांच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारल्याबद्दल आशियाई स्पर्धांचे भारतीय प्रवर्तक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यामुळे जमाव संतापला, भारतीय दूतावासावर हल्ला झाला. भारतीय खेळाडूंना बाहेर पडणेही कठीण झाले. या तणावात संघाचे मन स्थिर ठेवणे हेच प्रशिक्षकाचे काम होते. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंकडे आपल्यासाठी एक भेट मागितली, ती सुवर्णपदकाची, अशी आठवण त्या संघातील खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन स्टेडियमवर सुमारे लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध आरडाओरडा करीत होते. समोर पहिल्या सामन्यात हरवणारा दक्षिण कोरियाच होता. रहीम यांनी आजारातून उठलेल्या पीटर थंगराज यांच्यावर गोलरक्षणाची जबाबदारी टाकली. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी, तर विसाव्या मिनिटाला डोक्याला टाके असलेल्या जर्नेल सिंग यांनी गोल केला. कोरियाने अखेरीस एक गोल फेडला. पण भारत २-१ असा जिंकला. या संघात मुंबईच्या कॅल्टेक्सकडून खेळणारे चंद्रशेखर बचावात, तर मूळचे गोव्याचे व मुंबईत वाढलेले फॉर्तुनातो फ्रँको मधल्या फळीत होते. गोवा मुक्त होऊन नऊ महिनेही झाले नव्हते.

मायदेशी परतल्यावर रहीम यांची प्रकृती झपाट्याने ढासळली. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५३ होते. जकार्ताच्या विजयाला पुरते वर्षही झाले नव्हते.

मागे काय उरले?

रहीम यांनी घडवलेल्या पिढीच्या बळावर भारताने १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद आणि १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी व सय्यद नईमुद्दीन पुढे नामांकित प्रशिक्षक झाले. पुत्र सय्यद शाहिद हकीम रोम ऑलिंपिकच्या संघात होते. हवाई दलातील सेवा, आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईच्या महिंद्र संघाने १९९८ मध्ये ड्युरँड चषक जिंकला, तो हकीम यांच्या मार्गदर्शनाखाली. याच महिंद्रच्या जर्सीत खालिद जमीलही खेळले आहेत. हकीम यांचे ऑगस्ट २०२१ मध्ये निधन झाले.

आशियाई क्रीडा स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक १९६२ नंतर भारताला मिळालेले नाही. रहीम यांचे नावही दीर्घकाळ जाणकारांपुरतेच उरले होते. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील 'मैदान' हा चित्रपट आला, अजय देवगण यांनी त्यांची भूमिका केली आणि नव्या पिढीला या मास्तरांची ओळख झाली. चित्रपटात अंतिम सामन्याचा थरार आहे. मात्र, त्या थराराच्या मागे उभी असलेली कमकुवत पायाची स्पर्धा, सायकलीचे भाडे आणि पुन्हा पुन्हा घोटवून घेतलेला एका स्पर्शाचा खेळ यांचे मोल त्याहून अधिक आहे.

नव्या प्रशिक्षकाचे भवितव्य काय, या चर्चेत रहीम यांच्या चरित्रातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. त्यांनी जिंकलेली पदके डगआउटमध्ये नव्हे, तर हैदराबादच्या शाळांच्या पटांगणात दहा-पंधरा वर्षे आधी पेरली गेली होती. दहा गोलांच्या पराभवानंतर त्यांना मिळालेली चार वर्षे आणि त्यांच्यामागे उभी असलेली, खालपासून घडवलेली खेळाडूंची फळी, या दोन्ही गोष्टी वगळल्या तर मेलबर्नही नाही आणि जकार्ताही नाही. आजच्या प्रशिक्षकाला यांतील किती मिळते, यावर त्याच्या यशापयशाचा निवाडा बराचसा अवलंबून राहील. कमकुवत पायाची स्पर्धा भरवायला मोठे स्टेडियम लागत नाही, परदेशी तज्ज्ञही लागत नाही. एक पटांगण, एक चेंडू आणि रोज संध्याकाळी हजर राहणारा एक मास्तर पुरतो. जळगाव-धुळ्याच्या शाळांकडे त्यांतील पहिल्या दोन गोष्टी आजही आहेत.